बारभाईंचा पट

पट मांडून खेळावयाचे खेळ आपल्या समाजास नवे नाहींत. सारीपाट, बुद्धिबळें आणि मोक्षपट हीं नांवें बहुतेक घरांस ठाऊक आहेत. पैकीं पहिल्यांत फांसा व चातुर्य यांची भागीदारी असते, दुसऱ्यांत केवळ चातुर्याचें राज्य चालतें, आणि तिसऱ्यांत सारी सत्ता फांशाच्या हातीं असते. या तिहींत भेद कितीही असला तरी एक गोष्ट समान आहे. ती ही कीं, एकानें जिंकावयाचें म्हणजे दुसऱ्यानें मागें पडलें पाहिजे. मॅट लीकॉक या अमेरिकन रचनाकाराचा २००८ सालीं प्रसिद्ध झालेला ‘पॅन्डेमिक’ हा खेळ या नियमास अपवाद आहे. त्यांत सर्व खेळाडू एकाच पक्षाचे असतात व प्रतिपक्षाचें काम पट स्वतःच करतो. जिंकले तर सारे, हरले तरी सारेच. असा हा पहिलाच खेळ नव्हे. राइनर क्निझिया या जर्मन गणितज्ञानें २००० सालीं ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या कथेवर याच जातीचा पट रचला होता. परंतु हा प्रकार साध्या गृहस्थी बैठकींत आणून बसविण्याचें श्रेय आमच्या मतें ‘पॅन्डेमिक’लाच अधिक दिलें पाहिजे.

दिव्यांतील आमच्या परिचयाच्या कांहीं कुटुंबांत हा पट नियमानें मांडला जातो. खेळणाऱ्यांचीं त्यावरील मतें आम्हीं वेळोवेळीं ऐकलीं. कोणी म्हणतात हा निव्वळ नशिबाचा बाजार आहे. कोणी म्हणतात तो सोडवून टाकण्याजोगा हिशेब आहे. कोणास तो अतिशय कठीण वाटतो, तर कोणास चौघांनीं मिळून एकाची आज्ञा पाळण्याचा तो कंटाळवाणा कार्यक्रम वाटतो. एकाच वस्तूविषयीं इतकीं परस्परविरुद्ध मतें शहाण्या माणसांचीं असावीं, यावरून त्या वस्तूंत कांहीं तरी विचार करण्याजोगें आहे हें उघड होतें. सबब या मतांचा क्रमानें परामर्श घेण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम खेळाची घडण सांगणें अवश्य आहे. पट म्हणजे जगाचा नकाशा. त्यावर ४८ शहरें असून बारा-बारांचे चार रंगांचे गट केलेले आहेत. चार रंगांचे चार रोग. प्रत्येकाचे २४ ठोकळे. खेळास आरंभ होतो तेव्हांच नऊ शहरांत रोग पसरलेला असतो. ज्याची पाळी असेल त्यानें चार कृति कराव्या, म्हणजे प्रवास करावा, ठोकळा उचलावा, संशोधनकेंद्र उभारावें, किंवा सोबत्याशीं पानाची देवघेव करावी. मग दोन पानें ओढावीं. आणि शेवटीं रोगाच्या गड्डींतील पानें उलटून त्या त्या शहरीं नवे ठोकळे मांडावे. एका रंगाचीं पांच पानें घेऊन संशोधनकेंद्रांत पोंचलें म्हणजे त्या रोगाचें औषध सांपडतें. चारही औषधें सांपडलीं कीं जय झाला. पराजयाच्या वाटा मात्र तीन आहेत: एखाद्या रंगाचे ठोकळे संपणें, ओढावयाचीं पानें संपणें, किंवा आठवा उद्रेक होणें. शहरांत एका रंगाचे तीन ठोकळे असतां चौथा मांडण्याची पाळी आली कीं उद्रेक होतो व शेजारच्या प्रत्येक शहरांत एकेक ठोकळा जातो. हा नियम दिवेकरांस समजावून सांगावा लागत नाहीं. मुंब्रा व कोपर यांच्या मधलें त्यांचें स्टेशन. तेथून एक फांटा वसईकडे जातो व दुसरा पनवेलकडे. जंक्शनांत एका गाडीचा खोळंबा झाला कीं त्याचे धक्के कोठवर पोंचतात, हें त्यांस नकाशावांचून समजतें. म्हणूनच पटावर तीन शेजारी असलेल्या मुंबईपेक्षां पांच शेजारी असलेल्या दिल्लीची चिंता तीं मंडळी आधीं करतात. आणि हें खेळाच्या दृष्टीनें बरोबरच आहे.

आतां पहिला आक्षेप नशिबाचा. ओढावयाच्या गड्डींत साथीचीं पानें मिसळलेलीं असतात. असें पान निघालें कीं तीन गोष्टी घडतात: रोगाच्या प्रसाराचा दर एक पायरी पुढें सरकतो, रोगाच्या गड्डीच्या तळचें शहर काढून त्यावर तीन ठोकळे मांडले जातात, आणि आजवर उलटलेलीं सारीं रोगपानें पिसून पुन्हां गड्डीच्या माथ्यावर ठेवलीं जातात. या तिसऱ्या क्रियेंतच रचनाकाराचें मर्म आहे. ज्या शहरांनीं आधीं रोग भोगला, त्यांच्यावरच तो पुन्हां येणार, हें यायोगें निश्चित होतें. कोणावर आधीं येईल, एवढेंच तेवढें अनिश्चित राहतें. म्हणजे फांशाप्रमाणें हें नशीब आंधळें नसतें. ज्यास मागील पानें स्मरतात त्यास पुढील संकटाची दिशा कळते. शिवाय साथीचीं पानें गड्डीचे सारखे ढीग करून प्रत्येक ढिगांत एक याप्रमाणें मिसळावयाचीं असल्यानें तीं सर्व एकदमच उसळत नाहींत. एका ढिगाच्या तळाशीं व दुसऱ्याच्या माथ्याशीं तीं लागोपाठ निघालीं तर मात्र चांगला चाललेला डाव दोन पाळ्यांत उध्वस्त होतो, हें आक्षेपकांचें म्हणणें आम्हांस मान्य आहे. पण हा दोष प्रसंगाचा आहे, रचनेचा नव्हे. मोक्षपटावर सापाच्या तोंडीं जाणाऱ्यास कांहीं करतां येत नाहीं. येथें निदान तयारी करतां येते.

दुसरा आक्षेप काठिण्याचा. हें कमीजास्त करण्याची सोय खेळांतच आहे: साथीचीं पानें नवशिक्यांनीं चार घालावीं, सरावलेल्यांनीं पांच, आणि धाडसी मंडळींनीं सहा. पुष्कळांची समजूत अशी कीं चारांवरून पांचांवर जाणें म्हणजे एका पानाचाच फरक. ती समजूत चुकीची आहे. प्रसाराचा दर आरंभीं प्रत्येक पाळीस दोन शहरें असा असतो. तिसऱ्या साथीस तो तीन होतो व पांचव्या साथीस चार. अर्थात् चार साथींच्या डावांत दर तिनाच्या वर कधींच चढत नाहीं. पांचवें पान घातलें कीं खेळाडूंच्या चार कृतींसमोर चार शहरें उभीं राहण्याचा प्रसंग येतो. ‘कालपर्यंत आम्ही जिंकत होतों, आज एकाएकीं काय झालें?’ या तक्रारीचें उत्तर या एका पायरींत आहे.

काठिण्याचें दुसरें कारण माणसांच्या संख्येंत आहे. चार डोकीं जमलीं म्हणजे काम सोपें होईल असें सहज वाटतें. प्रत्यक्षांत उलट घडतें. सात वर्षांपूर्वीं असो कीं आज असो, गड्डी तेवढीच राहते. चौघांत मिळून सुमारें चोवीस पाळ्या मिळतात, म्हणजे प्रत्येकास अवघ्या सहा. औषधांस एकूण वीस पानें लागतात, आणि तीं चार हातांत विखुरलेलीं असतात. पान द्यावयाचें तर देणारा व घेणारा त्याच पानावरील शहरांत एकत्र यावे लागतात. दोघांच्या खेळांत पानें लवकर जुळतात. चौघांच्या खेळांत जुळवाजुळव हेंच मुख्य काम होऊन बसतें. ‘बारभाईची खेती’ हा वाक्प्रचार ज्यानें रूढ केला त्यास हा अनुभव असावा.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. हातांतील पानें एकमेकांस ठाऊक असतात, बोलण्यास बंदी नाहीं, आणि सर्वांचें हित एक आहे. तेव्हां ज्यास खेळ अधिक समजतो तो हळूहळू सर्वांच्या चाली ठरवूं लागतो. प्रारंभीं तो सुचवितो, मग सांगतो, आणि अखेरीस दुसऱ्याची सोंगटी स्वतःच्या हातानें उचलतो. आम्ही त्यास ‘कारभारी’ म्हणूं. आमच्या पाहण्यांतील एका घरीं थोरले चिरंजीव हे कारभारी. त्यांच्या वहिनी वैद्याची भूमिका घेऊन बसत, आणि पाळी आली कीं चिरंजीवांकडे पाहत. डाव बहुधा जिंकला जाई. पण वहिनींस विचारलें असतां त्या म्हणाल्या, “जिंकले ते भावजी, आम्ही फक्त हात हलवले.” या एका वाक्यांत या खेळावरील सारी टीका सांठविली आहे.

यावर खेळाचे कैवारी म्हणतात कीं हा दोष माणसांचा आहे, पटाचा नाहीं. हें अर्धेंच खरें आहे. मेंढीकोटांत भिडू समोरासमोर बसतात, हित एकच असतें, पण एकानें दुसऱ्यास खूण करणें ही लबाडी समजली जाते. म्हणून तेथें कमी जाणत्या भिडूचेंही पान त्याचेंच राहतें. अन्त्वान बोझा या फ्रेंच रचनाकाराचा ‘हनाबी’ हा पत्त्यांचा सहकारी खेळ याच तत्त्वावर उभा आहे. त्यांत प्रत्येकानें स्वतःचीं पानें इतरांकडे तोंड करून धरावयाचीं असतात. आपलें पान सोडून सर्वांचें दिसतें, आणि सूचनाही मोजक्याच देतां येतात. तेथें कारभारी निपजूंच शकत नाहीं, कारण त्यास स्वतःच्या हातांत काय आहे हेंच ठाऊक नसतें. या खेळास जर्मनींतील वर्षाच्या उत्तम खेळाचें पारितोषिक २०१३ सालीं मिळालें, तें अकारण नव्हे. मात्र हा उपाय फुकट मिळत नाहीं. बोलण्यावर बंधन आलें कीं एकत्र बसून खल करण्याचें सुखही जातें. आणि ‘पॅन्डेमिक’ची खरी गोडी तर त्या खलांतच आहे. तेव्हां आमचा निर्णय असा कीं दोष रचनेंत आहे, पण तो तिच्या गुणाच्याच पोटीं जन्मला आहे. एक कापावयास जावें तर दुसऱ्यासही जखम होते.

याहून खोल अशी एक उणीव आम्हांस दिसते, आणि तिचा उच्चार खेळणाऱ्यांत क्वचितच होतो. या पटावर मुंबई आहे, पण मुंबईकर नाहींत. वैद्य शहरांत येतो, ठोकळे उचलतो, निघून जातो. त्यास दार उघडावयाचें कीं नाहीं, हा प्रश्नच उद्भवत नाहीं. महाराष्ट्रास साथींचा अनुभव निराळा आहे. १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईंतील मांडवी भागांत डॉ. अकासियो व्हिएगस यांनीं प्लेग ओळखला. १८९७ च्या जानेवारींत वाल्डेमार हाफकीन यांनीं त्याच शहरांत लस सिद्ध करून ती प्रथम स्वतःस टोंचून घेतली. येथवर कथा पटावरच्यासारखीच आहे. पण त्याच वर्षीं पुण्यांत घरझडत्यांनीं लोकांचीं मनें इतकीं पोळलीं कीं २२ जून रोजीं प्लेग-कमिटीचे प्रमुख रँड यांजवर गोळी झाडली गेली. रोग हटविण्याचा हेतु कितीही चांगला असो, ज्याच्यासाठीं तो हटवावयाचा त्याची संमति घेतली नाहीं तर उपाय हाच दुसरा उपद्रव होतो. २०२० च्या कोरोनांतही औषधाइतकाच विश्वासाचा प्रश्न बिकट होता. खेळाच्या पेटींत या प्रश्नास ठोकळा नाहीं.

आणि येथेंच पटावरील उणीव व पटाभोंवतींची उणीव एकमेकींस भेटतात. पटावर रोग्यास विचारीत नाहींत. पटाभोंवतीं वहिनींस विचारीत नाहींत. दोन्हींकडे काम होतें, किंबहुना लवकर होतें. पण ज्यास आपण सहकार म्हणतों तो होत नाहीं. अनेकांनीं एकाच्या बुद्धीनें चालणें ही शिस्त असेल. सहकारास प्रत्येकाची स्वतःची बुद्धि लागते, आणि तिच्या चुकांची किंमत देण्याची तयारीही लागते.

एवढें असूनही हा खेळ घरांत असावा असेंच आम्ही म्हणूं. नवख्या कुटुंबानें चार साथींनीं प्रारंभ करावा, आणि सलग जय मिळूं लागल्याखेरीज पांचव्या पानास हात लावूं नये. एक नियम मात्र घरचा म्हणून पाळावा: ज्याची पाळी त्याचा निर्णय, आणि सल्ला विचारल्याखेरीज देऊं नये. यानें कांहीं डाव हातचे जातील. परंतु हरल्यावर जर प्रत्येकजण आपआपल्या चालीविषयीं हिरिरीनें वाद घालीत असेल, तर तो डाव चौघांनीं खेळला असें समजावें. तीन घरांचे वडील, दोन सुना व एक शाळकरी मुलगी ज्या दिवशीं एकमेकांचें ऐकून घेऊनही आपल्या मनाप्रमाणें चाल करतील, त्या दिवशीं पटावर काय झालें याला फारसें महत्त्व उरत नाहीं.