स्टार थिएटरचे दुसरे बारसे

कोलकात्याच्या हातीबागान भागातील स्टार थिएटर यापुढे बिनोदिनीच्या नावाने ओळखले जाईल, असे पश्चिम बंगालच्या मुख्यमंत्री ममता बॅनर्जी यांनी २०२४ च्या डिसेंबरअखेर जाहीर केले आणि त्याप्रमाणे नाव बदललेही. नावे बदलण्याचा उद्योग आपल्या देशात एवढा बोकाळला आहे की, रस्ते, स्थानके आणि शहरे यांच्या जोडीला एक नाटकगृह गेले, म्हणून वृत्तपत्र वाचणारा माणूस क्षणभरही थबकणार नाही. पण हे प्रकरण त्या जातीचे नाही. येथे एका नटीला दिलेला शब्द मोडला गेला होता, आणि तो मोडल्याला एकशे एक्केचाळीस वर्षे झाली होती.

हकीकत बंगाली रसिकांना पाठ आहे. आपल्याकडे ती थोड्यांनाच ठाऊक असेल, म्हणून सांगतो. बिनोदिनी दासी ही कलकत्त्याच्या वेश्यावस्तीत जन्मलेली मुलगी. बंगाली रंगभूमीवर १८७३ पासून स्त्रिया काम करू लागल्या होत्या, आणि त्या येत होत्या त्या अर्थातच अशाच वस्त्यांतून, कारण घरंदाज स्त्री रंगमंचावर येणे त्या काळी कोणाच्या स्वप्नातही नव्हते. अकरा-बारा वर्षांची असताना बिनोदिनी नाटकात आली आणि गिरीशचंद्र घोषांच्या शिकवणीखाली तिने असे नाव मिळवले की, विशीत असतानाच ती कलकत्त्यातली पहिली नटी गणली जाऊ लागली. गिरीशबाबू आणि त्यांचे सोबती यांना स्वतःचे नाटकगृह हवे होते, पैसा नव्हता. गुर्मुख राय नावाचा एक तरुण धनिक पैसा घालायला तयार झाला. त्याची अट एकच : बिनोदिनी आपली व्हावी. नाटकगृहाचा नाद सोडलास तर पन्नास हजार रुपये रोख देतो, असेही त्याने तिला सांगून पाहिले. तिने रक्कम नाकारली, नाटकगृह मागितले आणि अट मान्य केली.

मंडळींनी तिला सांगितले होते की, हे घर तुझ्या नावाशी जोडलेले राहील, तुझ्यामागेही तुझे नाव राहील. त्याचे नाव ‘बी थिएटर’ ठेवू. हा तपशील तिने आपल्या ‘आमार कथा’ या १९१२ साली निघालेल्या आत्मवृत्तात दिला आहे, आणि मला तो सगळ्या प्रकरणात सर्वांत बोलका वाटतो. पूर्ण नाव देण्याचे कोणी कबूल केलेच नव्हते. कबूल केले होते ते एक अक्षर. बांधकाम चालले असता मजुरांना हुरूप यावा म्हणून ती स्वतः मातीच्या पाट्या वाहत होती. नोंदणी करून मंडळी परतली तेव्हा तिने उत्सुकतेने नाव विचारले. उत्तर मिळाले, ‘स्टार’. वेश्येच्या नावाच्या घरात सभ्य प्रेक्षक पाऊल टाकणार नाहीत, हे व्यवहारी मंडळींनी आधीच ठरवून टाकले होते. ते एक अक्षरही तिच्या वाट्याला आले नाही.

२१ जुलै १८८३ रोजी बीडन स्ट्रीटवर ‘दक्षयज्ञ’ या नाटकाने स्टारचा पडदा वर गेला. पुढच्या वर्षी तेथेच ‘चैतन्यलीला’ झाले. त्यात चैतन्यांचे काम बिनोदिनीने केले, आणि सप्टेंबरात रामकृष्ण परमहंस ते पाहायला येऊन तिला आशीर्वाद देऊन गेले. ज्या बाईच्या नावाने घर बाटेल म्हणून भीती वाटत होती, तिच्याच कामामुळे त्या घराला संतांचे पाय लागले! पण मंडळींना नाव बदलण्याची बुद्धी तेव्हाही झाली नाही. १८८७ च्या आरंभापर्यंत बिनोदिनीने रंगभूमी सोडली. त्या वेळी तिचे वय अवघे तेवीस-चोवीस असेल. पुढे १९४१ पर्यंत ती जगली, म्हणजे रंगभूमीवर होती त्याच्या चौपटीहूनही अधिक काळ.

आता नामांतराविरुद्धचा सर्वांत बळकट मुद्दा पाहा. हातीबागानच्या ज्या इमारतीला आता बिनोदिनीचे नाव दिले, तिच्या रंगमंचावर ती कधी उभी राहिलीच नाही. १८८७ मध्ये बीडन स्ट्रीटची इमारत गोपाललाल सील यांनी विकत घेतली आणि तिचे नाव ‘एमराल्ड’ केले. मूळच्या मंडळींनी इमारत दिली, पण ‘स्टार’ हे नाव मात्र दिले नाही; ते त्यांनी बरोबर नेले आणि १८८८ च्या मे महिन्यात हातीबागानला नव्या वास्तूवर लावले. तोवर बिनोदिनीला रंगमंच सोडून वर्ष उलटून गेले होते. शिवाय हातीबागानच्या स्टारला स्वतःचा असा इतिहास आहे. १८९८ साली विवेकानंदांनी याच सभागृहात मार्गारेट नोबल यांची, म्हणजे पुढे ज्या भगिनी निवेदिता झाल्या त्यांची, कलकत्त्याला ओळख करून दिली. १९९१ मध्ये आग लागून वास्तू जळाली, तेव्हा हळहळले ते ‘स्टार’साठी. हे सगळे एका फलकाबरोबर खाली उतरवायचे काय, असे कोणी विचारले तर त्याला प्रतिगामी म्हणून वाटेला लावता येणार नाही.

तरीही हा मुद्दा मला शेवटपर्यंत पटत नाही. बिनोदिनी जेथे नाचली-गायली ती बीडन स्ट्रीटची इमारत आज नाही. अनेक मालक आणि अनेक नावे बदलून ती अखेर रस्तारुंदीत गेली आणि तिच्यावरून चित्तरंजन अॅव्हेन्यू धावतो. म्हणजे विटांचा हिशेब धरला तर ऋण फेडायला जागाच उरली नाही. पण तो शब्द काही विटांनी दिला नव्हता, मंडळींनी दिला होता. आणि मंडळी जाताना काय घेऊन गेल्या? नाव. बिनोदिनीच्या नावाच्या जागी जे नाव बसवले गेले, नेमके तेच हातीबागानला गेले. घरभाऊ घर सोडून गेला म्हणून त्याचे कर्ज जुन्या घराच्या भिंतीवर राहत नाही. ‘स्टार’ जेथे गेला तेथे बिनोदिनीचे देणेही गेले, आणि ते तेथेच फेडणे योग्य आहे.

मात्र याच कारणासाठी माझी एक तक्रार आहे. ‘स्टार’ हे नाव कोणा गव्हर्नराचे नाही, की कोणा सावकाराचे नाही. पुसून टाकावे असा त्यात अपमान नाही. उलट, काय घडले याचा एकमेव दृश्य पुरावा ते नाव आहे. ते पूर्ण काढून टाकले तर उद्याचा प्रेक्षक समजेल की, बंगालने आपल्या थोर नटीच्या नावाने पहिल्यापासूनच नाटकगृह बांधले होते. आणि मग व्यवहारी मंडळींची लबाडी सुखाने झाकली जाईल. बिनोदिनीचे नाव मोठ्या अक्षरांत असावे, पण त्याखाली ‘स्टार’ राहावे, आणि १८८३, १८८७ व १८८८ ही तीन साले तेथे लिहिलेली असावीत. सरकारचा हेतू राजकीय होता की सांस्कृतिक, या वादात मी पडत नाही. सरकारे हेतूशिवाय काही करीत नसतात.

आपल्याकडे नामांतराचे एक उदाहरण आहे ते याच्या शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहे. शाहू महाराजांनी कोल्हापुरात बांधलेले नाटकगृह १९१५ साली उघडले तेव्हा त्याचे नाव ‘पॅलेस थिएटर’ होते. १९५७ मध्ये ते केशवराव भोसले नाट्यगृह झाले. येथे जुन्या नावाने कोणाची फसवणूक केली नव्हती. ते नाव नुसते मुके होते. राजवाड्याचे थिएटर, एवढाच त्याचा अर्थ. केशवराव कोल्हापूरचे, ‘ललितकलादर्श’चे संस्थापक, शाहू महाराजांचा लोभ लाभलेले. १९२१ च्या जुलैत मुंबईला बालगंधर्वांबरोबर ‘संयुक्त मानापमान’ केला आणि तीन महिन्यांच्या आत, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, ते गेले. राजाच्या घराला नटाचे नाव मिळाले आणि त्याने राजाचे काही उणे झाले नाही. शाहूंचे नाव कोल्हापुरात फलकावर अवलंबून नाही. पुढे कोल्हापूरची माणसे सरळ ‘केशवराव’ला नाटकाला जाऊ लागली. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, ते नाट्यगृह आगीत भस्मसात झाले, तेव्हा लोकांना एक इमारत गेल्यासारखे वाटले नाही, आपला माणूस पुन्हा गेल्यासारखे वाटले. नाव रुजले, याची यापेक्षा वेगळी कसोटी मला माहीत नाही.

फलकावरची नावे रुजतातच असे नाही. मुंबईत ग्रँट रोडवर १८४६ साली नाटकगृह झाले. रस्त्याला नाव गव्हर्नराचे होते. पण मराठी माणसांनी जगन्नाथ शंकरशेटांची आठवण धरून त्याला ‘शंकरशेटची नाटकशाळा’ म्हटले. त्यासाठी कोणाचा ठराव लागला नाही.

न्यूयॉर्कमध्ये तर एकाच नाटकगृहाने तीन बारशी पाहिली आहेत. १९२६ मध्ये ते रिचर्ड मॅन्सफील्ड या नटाच्या नावाने उघडले, १९६० मध्ये ब्रुक्स अॅट्किन्सन या नाट्यटीकाकाराचे झाले आणि २०२२ मध्ये लीना हॉर्न या कृष्णवर्णीय गायिका-अभिनेत्रीचे. टीकाकाराला खाली उतरवून अभिनेत्रीला वर बसवले, याचे आम्हा टीकाकारांनी वाईट वाटून घेऊ नये. नाटकगृहाला टीकाकाराचे नाव मिळाले होते हेच नवल. पण तेथेही एक गोष्ट ध्यानात येते. ही नावे आपोआप सुचली नाहीत. कृष्णवर्णीय कलावंतांच्या संघटनेने नाटकगृहांच्या मालकांशी करार केला, तेव्हा ती लागली. ज्यांचे नाव लागायचे राहून गेले, त्यांच्या वतीने कोणीतरी भांडावे लागते.

आपल्याकडे कोण भांडले? बिनोदिनी स्टारमध्ये काम करीत होती त्या वर्षांत आपल्या रंगभूमीवर भाऊराव कोल्हटकर सुभद्रा गात होते, आणि पुढे बालगंधर्वांनी स्त्रीभूमिकेला जे वैभव दिले ते सर्वश्रुत आहे. पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिराची कोनशिला १९६२ मध्ये खुद्द त्यांच्याच हस्ते बसली, हे चित्र कोणत्याही रंगभूमीला हेवा वाटावा असे आहे. त्या नावाला धक्का लावावा असे मी चुकूनही म्हणणार नाही. पण गडकरी, भावे, अत्रे, दीनानाथ, काशिनाथ घाणेकर अशी नावे महाराष्ट्रभर फिरून आलो की लक्षात येते, आपल्या मोठ्या नाट्यगृहांवर स्त्री जवळजवळ नाहीच. डोंबिवलीला सावित्रीबाई फुले आहेत. त्यांचे थोरपण रंगभूमीवरचे नव्हे. पुण्यात ज्योत्स्ना भोळे यांच्या नावाचे एक सभागृह आहे, पण ते लहान. १९३३ च्या ‘आंधळ्यांची शाळा’पासून स्त्री कलावंत आपल्या रंगभूमीवर ठामपणे उभी आहे, त्याआधीही कमलाबाई गोखले होत्या, हिराबाई बडोदेकर होत्या. तमाशाचे तर विचारूच नये. विठाबाई नारायणगावकरांच्या नावाने सरकार जीवनगौरव पुरस्कार देते. ज्या गावोगावच्या प्रेक्षकांसाठी त्या आयुष्यभर नाचल्या, त्यांना तिकीट काढून आत शिरताना वर विठाबाईंचे नाव वाचता येईल असे भव्य नाट्यगृह कोठे आहे?

नवी नाट्यगृहे नगरपालिका बांधतच आहेत, आणि जुन्यांपैकी कित्येकांची नावे ‘पॅलेस’सारखीच मुकी आहेत. तेथून सुरुवात करता येईल. हिराबाईंचे नाव पुण्यात आणि विठाबाईंचे पुणे-नगरच्या वाटेवर एखाद्या मोठ्या गावी लागावे, असे मला वाटते. आणि ते लावताना एक अक्षर नव्हे, अख्खे नाव, आडनावासकट.