देवासचा आजार आणि कुमारांची गायकी

पंढरपुरास आषाढीच्या यात्राकाळात श्रीविठ्ठलाचे दर्शन अहोरात्र खुले असते. त्या दिवसांत देवाचा पलंग काढून ठेवतात, उभ्या देवाच्या पाठीशी लोड देतात, आणि यात्रा सरली की प्रक्षाळपूजा होऊन देवाचा शीण जावा म्हणून काढा अर्पण करतात. जगन्नाथपुरीस ज्येष्ठी पौर्णिमेच्या स्नानानंतर देवास ज्वर येतो असे मानतात. पंधरवडाभर दर्शन बंद राहते व देवावर औषधोपचार चालतात. आपल्या पुराणांनी तर चंद्रासही क्षयातून सोडले नाही. एकट्या रोहिणीवर आसक्त झालेल्या सोमराजास दक्षाचा शाप भोवला व तो झिजू लागला. राजाला झालेला म्हणून तो राजयक्ष्मा, असे आयुर्वेदाच्या ग्रंथांत सांगितले आहे. आणि जेथे त्याला उतार पडला त्या प्रभासक्षेत्री सोमनाथ उभा आहे.

ज्या समाजाने देवाचा शीण आणि चंद्राचा क्षय इतक्या मोकळेपणाने मानिला, त्याच समाजाने माणसाचा क्षय मात्र दाराआड ठेविला, ही मोठी विसंगती होय. मिरज किंवा पांचगणी येथील आरोग्यधामात घरचे माणूस गेले तर ‘हवापालटासाठी गेले आहे’ असे सांगावयाचे. रोगाचे नाव घ्यावयाचे नाही. मुलींची लग्ने अडतील या भयाने शेजाऱ्यांसही कळू द्यावयाचे नाही. रॉबर्ट कॉखने १८८२ साली या रोगाचा जंतू दाखवून दिला, तरी पुढे कित्येक पिढ्या आपल्या घरांत हा रोग कुळाचा कलंकच गणला गेला.

थोर माणसांच्या बाबतीत या लपवाछपवीस आणखी एक कारण मिळते, ते म्हणजे त्यांचे थोरपण. नेता खचलेला दिसू नये, नट म्हातारा दिसू नये, गवई दमलेला ऐकू येऊ नये, असा आपला आग्रह असतो. १९४८ च्या सप्टेंबरात कराचीस बॅ. जिना मरण पावले, तोवर त्यांच्या फुप्फुसांच्या रोगाचे खरे स्वरूप जनतेपासून झाकून ठेवण्यात आले होते. त्याच वर्षाच्या आरंभी, तोच रोग घेऊन एक तेवीस वर्षांचा गायक माळव्यातील देवास गावी येऊन पडला होता. राज्यकर्त्याचा रोग हा राज्याचा प्रश्न असतो. गवयाचा रोग हा त्याच्या घरचा प्रश्न आहे, असे कोणी म्हणेल. परंतु गवयाचे भांडवलच श्वास. तो जे घरी झाकील, ते मैफलीत पहिल्या आलापातच उघडे पडणार. म्हणून कुमार गंधर्वांच्या आजाराचा विचार हा त्यांच्या चरित्राचा भाग आहे तसाच संगीतसमीक्षेचाही आहे. आणि आमच्या मते ही समीक्षा बहुधा नीट झालेली नाही.

प्रथम वृत्तान्त थोडक्यात सांगावयास हवा. शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी यांचा जन्म ८ एप्रिल १९२४ रोजी बेळगावजवळच्या सुळेभावी येथे झाला. बालपणीच मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका हुबेहूब गाऊन दाखविणाऱ्या या मुलास ‘कुमार गंधर्व’ ही पदवी मिळाली व पुढे तेच त्याचे नाव झाले. मुंबईस प्रो. बी. आर. देवधरांच्या विद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. गोमंतकीय गायिका अंजनीबाई मालपेकर यांच्याकडूनही त्यांना विद्या लाभली, हे आमच्या कोकणी वाचकांस ठाऊक असेलच. १९४७ साली भानुमती कंस यांच्याशी विवाह झाला आणि त्यानंतर थोड्याच अवधीत क्षयाचे निदान झाले. कोरडी हवा मानवेल, या सल्ल्यावरून पती-पत्नी देवासला आली.

देवास निवडले गेले त्यात हवेखेरीज गावाचाही गुण होता. धार व देवास ही पवारांची संस्थाने. मराठी भाषा व मराठी घरे माळव्यात अठराव्या शतकापासून तेथे रुजलेली. देवासच्या तर थोरली पाती व धाकटी पाती अशा दोन गाद्या होत्या. दरबारांनी संगीतास आश्रय दिलेला. वृद्ध उस्ताद रजब अली खाँ यांचे वास्तव्यही तेथेच होते. माताजीच्या टेकडीच्या त्या लहानशा गावात परकेपणा वाटण्याचे कारण नव्हते. तरीही जो तरुण मुंबईच्या मैफली गाजवीत होता, त्यास अंथरुणावर पडून राहावयाचे व गावयाचे नाही, ही आज्ञा कशी वाटली असेल याची कल्पना वाचकांनीच करावी.

हा काळ पाच वर्षांच्या आसपासचा. त्यांना वाचविले ते स्ट्रेप्टोमायसिनने. हे औषध १९४३ साली अमेरिकेत सेल्मन वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शाट्झ या विद्यार्थ्याच्या हाती लागले व १९५२ साली वाक्समन यांस नोबेल पारितोषिक मिळाले. इंग्रज लेखक जॉर्ज ऑर्वेल यांसही १९४८ साली तेच देण्यात आले होते. परंतु त्यांच्या शरीरास ते सोसले नाही आणि १९५० च्या जानेवारीत ते गेले. या औषधाचा एक दोष असा की, ते कानाच्या आतील नाजूक भागास इजा करू शकते. तोल जातो, प्रसंगी श्रवणही जाते. गवयाने फुप्फुस वाचवावे आणि कान गमवावा, असेही घडू शकले असते. सुदैवाने तसे घडले नाही. एक फुप्फुस मात्र जवळजवळ निकामी झाले. १९५३ च्या सुमारास कुमार पुन्हा लोकांसमोर गाऊ लागले.

येथून दंतकथेस प्रारंभ होतो. ‘एका फुप्फुसावर गाणारा गवई’ हे बिरुद एकदा चिकटले ते चिकटलेच. छोट्या छोट्या स्वराकृती, अचानक तारसप्तकात मारलेली झेप, मध्येच सोडलेली निःशब्द जागा, विजेसारखी चमकून जाणारी तान, ही जी त्यांच्या गायकीची सर्वपरिचित लक्षणे, ती सारी तोकड्या श्वासाची अपत्ये होत, असा एक पक्ष मांडला जातो. दुसरा पक्ष भक्तांचा. त्यास आजाराचा उल्लेखही सोसत नाही. कुमारांची गायकी म्हणजे निखळ प्रतिभा, तिचा शरीराशी संबंध जोडणे हीच त्यास अवहेलना वाटते. आमच्या मते दोन्ही पक्ष एकाच चुकीचे भागीदार आहेत. पहिला आजारालाच गायकी समजतो. दुसरा गायकीला शरीरच नव्हते असे समजतो.

श्वास तोकडा असेल तर स्वरवाक्य कोठे संपेल एवढेच ठरते. ते वाक्य कोणत्या स्वरावर संपावे, त्यानंतरची शांतता किती लांब असावी, आणि त्या शांततेतून पुढचा स्वर कोठून उगवावा, हे फुप्फुस ठरवीत नाही; ते कान आणि बुद्धी ठरवितात. तुटक गाणारे गवई पुष्कळ असतात. त्यांच्या तुटण्यात नुसता खंड ऐकू येतो. कुमारांच्या विरामात तंबोरा बोलत असतो, आणि मागचा स्वर श्रोत्याच्या कानात अजून चालू असतो. जे बाहेरून थांबले ते आतून थांबलेले नाही, असा प्रत्यय ते देतात. ही गोष्ट दुर्बलतेतून आपोआप निघत नाही. दुर्बलतेकडे डोळे उघडे ठेवून पाहणाऱ्यासच ती साधते.

शिवाय, पाच वर्षांच्या सक्तीच्या मौनाचे फळ श्वासाच्या हिशेबात कसे बसवावयाचे? गाण्यास बंदी होती, ऐकण्यास नव्हती. माळव्यातील स्त्रियांची लग्नातली, ऋतूंची, सणांची गाणी कानी पडत राहिली. तीन-चार स्वरांत घर करून बसलेल्या त्या धुनांत रागाचे बीज कसे दडलेले असते याचा शोध त्यांनी घेतला, आणि त्यातूनच पुढे धुनउगम राग आले. मालवती, संजारी, सहेली तोडी, लगन गंधार ही नावे रसिकांस परिचित आहेत. माळव्याच्या लोकधुनांचे स्वतंत्र कार्यक्रम त्यांनी केले, आणि १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अनूपरागविलास’ या ग्रंथात आपल्या बंदिशी अभ्यासकांच्या हाती दिल्या. ज्याला थोड्या स्वरांतच राहणे भाग पडले होते, त्याने थोड्या स्वरांत किती राहता येते हे लोकगीतांकडून शिकून घेतले. आजाराचा आणि गायकीचा खरा सांधा आम्हांस येथे दिसतो.

निर्गुणी भजनांविषयीही असेच म्हणावे लागेल. देवासला शीलनाथ महाराजांची धुनी आहे. नाथपंथी साधूंचे भजन त्या परिसरात नांदते. नाथपंथात श्वास हीच साधना. आत येणाऱ्या व बाहेर जाणाऱ्या श्वासाचा अखंड जप म्हणजेच ‘सोहं’, आणि तोच उलटून ‘हंस’. ज्याच्या श्वासावर मृत्यूने एकदा हात ठेविला होता, त्याने कबीराची श्वासाची आणि रिकाम्या घराची कविता गावी, यात श्रोत्यांस अर्थाची भर जाणवते, हे खरे. तथापि कुमार ती पदे रडवेपणाने गात नाहीत. शून्यात स्वर फेकावा आणि त्याचा पडसाद ऐकत उभे राहावे, अशी त्यांची रीत आहे. श्रोत्याची करुणा जागवून दाद मिळविणे त्यांस सहज शक्य होते. त्या गायनात सवलतीची याचना कोठेही ऐकू येत नाही. आजार न लपविणे आणि आजार न विकणे ही दोन व्रते एकाच वेळी पाळणे फार कठीण असते.

मग समीक्षकानेही त्यांस सवलत देऊ नये. किराणा परंपरेतील विलंबित आलापाची जी सलग, रेशमासारखी उलगडत जाणारी बढत, ती ज्यास हवी असेल तो श्रोता कुमारांच्या बड्या ख्यालात अतृप्त राहतो. आणि त्याची ती अतृप्ती अरसिकपणा नव्हे. काही ठिकाणी झेप आणि विराम यांची योजना इतकी अपेक्षित होते की, ती सवयीच्या जवळ जाते. ‘आजारी माणूस, त्याने एवढे केले हेच पुष्कळ’ असे म्हणून या उणिवांवर पांघरूण घालणे हा त्यांचा गौरव नव्हे. त्यामुळे गुणांचीही किंमत उतरते. कारण मग गुणही दयेच्या तराजूत तोलले जातात.

वार्धक्याची गोष्ट आजाराहून निराळी नाही. बालगंधर्वांच्या बाबतीत महाराष्ट्राने काय केले ते आठवावे. १८८८ साली जन्मलेला हा नट उतारवयात पायांनी अधू झाला, बसून भजने गाऊ लागला. पण प्रेक्षकांच्या मनातील भामिनी आणि सिंधू वयात येण्यास तयार नव्हत्या. १९६७ पर्यंत ते जगले. आणि आपण मात्र त्यांच्या तारुण्याची आरती ओवाळीत राहिलो. कुमारांनी ‘मला उमजलेले बालगंधर्व’ हा कार्यक्रम केला, तेव्हा त्या नावातच एक उत्तर होते. नक्कल तारुण्याची करता येते. उमज ही साऱ्या आयुष्याची असते. लहानपणी नकलेसाठी नावाजलेल्या या मुलाने प्रौढपणी नक्कल टाकून उमज स्वीकारली, हे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. ‘कुमार’ हे नाव वृद्धत्वास वाव देत नाही. पण १२ जानेवारी १९९२ रोजी देवासलाच त्यांचे निधन झाले तोवर त्यांचा आवाज वयाबरोबर बदलत गेला, आणि तो बदल त्यांच्या ध्वनिमुद्रणांत कोणासही ऐकता येईल.

आजाराविषयी मोकळेपणाने बोलावयाचे तर आणखी एक नाव पूर्ण आवाजात घ्यावे लागेल. देवासच्या शाळेत शिकवून ज्यांनी संसार चालविला आणि रुग्णाची शुश्रूषा केली, त्या भानुमतीबाई स्वतः देवधरांच्याच शिष्या, गाणाऱ्या होत्या. १९६१ साली त्या गेल्या. कुमारांवरील लेखनात त्यांच्या वाट्यास बहुधा एखादे कृतज्ञतेचे वाक्य येते. थोरांचे आजार झाकले जातात तेव्हा आजाऱ्याबरोबर त्याच्या उशाशी बसलेले माणूसही झाकले जाते. पतीचे मौन कलेच्या इतिहासात जमा झाले. पत्नीचे मौन कोठे मांडावयाचे, हा प्रश्न आमच्या समीक्षेने अद्याप स्वतःस विचारलेला नाही.

आज क्षयावर औषध आहे आणि तो बरा होतो. तरीही जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे, आणि रोगाचे नाव लपविण्याची रीत गेलेली नाही. नाव लपले की उपचार लांबतो, हे सांगण्यास वैद्य नको. अमिताभ बच्चन यांनी आपणास क्षय झाला होता हे काही वर्षांपूर्वी जाहीरपणे सांगितले, त्याचा उपयोग कित्येक निनावी रुग्णांस झाला असेल. प्रत्येक थोर माणसाने आपले तपासणीचे कागद चव्हाट्यावर मांडावेत, असे आमचे म्हणणे नाही. सांगावे की न सांगावे हे ज्याचे त्याने ठरवावे. परंतु जेथे गोष्ट उघड आहे तेथे तरी आपण दंतकथा आणि दया या दोन्ही पडद्यांचा आश्रय घेऊ नये. कुमारांची एखादी ध्वनिमुद्रिका लावावी, ते कोठे श्वास घेतात ते ऐकावे, आणि त्या जागी त्यांनी काय ठेविले आहे ते पाहावे. गवयाच्या आजाराबद्दल रसिकास जे जाणून घेण्याचा अधिकार आहे, ते सारे तेथे आहे.