बेबी मीनाची रोजी

मीनाकुमारीचे नाव निघाले की आपल्याकडे बोलणाऱ्याचा आवाज आपोआप खाली येतो. जणू एखाद्या आजारी नातेवाइकाविषयी बोलणे चालले आहे. 31 मार्च 1972 रोजी ती गेली. तो दिवस गुड फ्रायडेचा होता आणि मुंबईच्या सेंट एलिझाबेथ नर्सिंग होममध्ये तिने डोळे मिटले. वय अवघे अडतीस. या तपशिलांचा मोह आमच्याही लेखणीला पडतो, हे आम्ही कबूल करतो. परंतु गेल्या पन्नासहून अधिक वर्षांत तिच्यावर जे लिहिले गेले त्यातील बरेचसे लेखन या मोहातूनच जन्मले आहे, आणि त्यात मीनाकुमारी नावाच्या अभिनेत्रीपेक्षा मीनाकुमारी नावाच्या दुःखाचीच वर्णने अधिक आहेत. 'ट्रॅजेडी क्वीन' ही पदवी एकदा चिकटली आणि समीक्षकांचे काम संपले. बाई दुःखी होती, म्हणून तिला दुःख साकारता आले. इतके सोपे हे गणित मांडले गेले.

आम्हांस हे गणित मान्य नाही. तिच्या अभिनयाचा उगम शोधायचा तर तिच्या वैवाहिक आयुष्यात डोकावण्याआधी 1939 साली जावे लागेल. त्या वर्षी विजय भट्ट यांच्या 'लेदरफेस' या चित्रपटात पाच-सहा वर्षांची एक मुलगी कॅमेऱ्यापुढे उभी राहिली. नाव महजबीन बानो. वडील अलीबक्ष हार्मोनियमवादक, आई इक्बाल बेगम पूर्वी रंगभूमीवर काम केलेली. दादरच्या चाळीतला संसार आणि त्यात तीन मुली. जन्मतःच बापाने तिला अनाथालयाच्या दारात ठेवले आणि मग जीव राहवेना म्हणून परत उचलून आणले, अशी कथा सर्वत्र सांगितली जाते. ती खरी असो वा नसो, आम्हांला तिच्यापेक्षा दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. पहिल्या दिवसाच्या कामाचे पंचवीस रुपये मिळाले, असे तिच्या चरित्रात नोंदवलेले आहे. अनाथालयाच्या कथेवर लोक डोळे पुसतात. पंचवीस रुपयांच्या हिशेबापाशी मात्र कोणी थांबत नाही. वास्तविक त्या दिवसापासून ते घर त्या मुलीच्या कमाईवर चालू लागले. तिन्ही बहिणींनी बालपणी पडद्यावर काम केले, पण प्रपंचाचा मोठा भार मधलीवर आला.

पुढच्याच वर्षी 'एक ही भूल'च्या वेळी विजय भट्टांनी तिचे नाव 'बेबी मीना' केले. मेहबूब खान यांच्या 'बहन' (1941) सारख्या चित्रपटांत ती दिसली. नियमित शाळा तिच्या वाट्याला आली नाही. जे वाचले ते घरी आणि सेटवर, दोन शॉट्सच्या मधल्या वेळात. तिची शाळा म्हणजे स्टुडिओ. दिवा कोठे आहे, खडूची खूण कोठे आहे, दिग्दर्शकाने 'पुन्हा' म्हटले की चेहरा मघासारखा कसा करायचा, एवढाच तिचा अभ्यासक्रम. इतर मुले पाढे म्हणत होती त्या वयात ही मुलगी सांगितल्याबरोबर रडायला आणि सांगितल्याबरोबर थांबायला शिकत होती.

येथे एक योगायोग नोंदवावासा वाटतो. ज्या 1939 साली बेबी मीनाचे काम सुरू झाले, त्याच साली अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने बालकलाकारांच्या कमाईचे रक्षण करणारा कायदा केला. चॅप्लिनच्या 'द किड' (1921) मध्ये जगाला वेड लावणारा जॅकी कूगन मोठा झाल्यावर आपली पुंजी मागावयास गेला, तेव्हा आई आणि सावत्र बाप यांनी ती उडवलेली आढळली. त्याने 1938 साली दावा लावला आणि त्यातून हा कायदा आला. आपल्याकडे असे काही व्हावयास किती काळ जावा लागला? बालमजुरीच्या कायद्यात 2016 साली दुरुस्ती झाली आणि पाठोपाठ 2017 च्या नियमांत बालकलाकाराच्या कामाचे तास दिवसाला पाचवर आणले गेले. कमाईचा निदान पाचवा हिस्सा राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावे ठेवणे बंधनकारक झाले. म्हणजे बेबी मीनानंतर अठ्ठ्याहत्तर वर्षांनी. पाचवा हिस्सा मुलाचा. उरलेले चार कोणाचे, याविषयी नियम गप्प आहेत.

बालकलाकार मोठा झाला की बहुधा त्याचे नाणे खोटे ठरते. प्रेक्षकांना त्याचा बोबडेपणा हवा असतो आणि तोच नेमका वयाबरोबर जातो. 'बूट पॉलिश'मधील बेबी नाझला 1955 साली कानच्या महोत्सवात खास गौरव लाभला; पुढे तिच्या वाट्याला बव्हंशी दुय्यम भूमिका आल्या. बेबी मीनाही या वळणावर अडखळली. 1946 च्या 'बच्चों का खेल'मध्ये ती 'मीनाकुमारी' झाली खरी, पण त्यानंतरची काही वर्षे होमी वाडियांच्या पौराणिक आणि जादूच्या चित्रपटांत गेली. 'वीर घटोत्कच', 'श्रीगणेश महिमा', 'हनुमान पाताल विजय', 'अल्लादीन और जादुई चिराग' ही नावे पाहिली की आजचा समीक्षक नाक मुरडतो. आम्ही मुरडणार नाही. पुठ्ठ्याच्या महालात, धुराच्या ढगांत आणि जरीच्या मुकुटाखाली माणसासारखे बोलून दाखवणे ही सोपी परीक्षा नव्हे. समोर काहीही विश्वसनीय नसताना आपण विश्वास ठेवायचा, ही सवय तिला तेथे जडली असावी.

मग 1952 साली विजय भट्टांनीच तिला 'बैजू बावरा'तील गौरीची भूमिका दिली. ज्याने पाच-सहा वर्षांच्या मुलीला उभे केले, त्यानेच तिला अठरा-एकोणीसच्या वयात नायिका केले. या भूमिकेसाठी तिला फिल्मफेअरचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला, आणि पुरस्कारांचे ते पहिलेच वर्ष (1954) होते. पाठोपाठ बिमल रॉय यांच्या 'परिणीता'तील ललितेसाठी दुसरा. नावाड्याच्या पोरीचा मोकळेपणा आणि आश्रित मुलीची मिटलेली भाषा एकाच मुलीने लागोपाठ दाखवावी, याचे आम्हांस अजून नवल वाटते. ललिता बोलते कमी. पण बोलण्यापूर्वीचा तिचा थांबा ऐकावा. पुढे ज्या जड, किंचित घोगऱ्या आवाजावर लोक भाळले, त्या आवाजाचे खरे बळ त्याच्या जडपणात नसून या थांब्यांत आहे. वाक्य कोठे तोडावे हे तिला कळत होते.

तिच्या कौशल्याचा एक पुरावा तर अक्षरशः हाताशी आहे. 1951 साली महाबळेश्वरहून परतताना तिच्या मोटारीला अपघात झाला आणि डाव्या हाताच्या करंगळीला कायमची इजा झाली. पुण्याच्या ससून रुग्णालयात ती बराच काळ होती. म्हणजे तिच्या नायिकापदाची बहुतेक कारकीर्द या अपघातानंतरची. नंतरचे कोणतेही चित्र काढून पाहावे: तो हात पदराखाली जातो, ओढणीत गुंडाळला जातो, कधी चौकटीच्या बाहेर राहतो. पण प्रेक्षकाला काही लपवले जात आहे असे कधी वाटत नाही. पदर सावरणे हा त्या त्या स्त्रीचा स्वभावच वाटतो. एकीचा संकोच, दुसरीचा मान, तिसरीचा लटका राग. जी गोष्ट दडवायची तिलाच तिने अभिनयाचे साधन केले. दुःखाने हे साधत नाही. लहानपणापासून कॅमेऱ्याची चौकट कोठे संपते हे ज्याच्या अंगात मुरले आहे, त्यालाच हे साधते.

आमच्या वाचकांसाठी 'मिस मेरी'चा (1957) उल्लेख करणे भाग आहे. एल. व्ही. प्रसाद यांच्या या विनोदी चित्रपटात ती मेरी नावाची ख्रिस्ती शिक्षिका आहे. नोकरीसाठी जोडपे हवे, म्हणून जेमिनी गणेशनच्या नायकाची पत्नी असल्याचे सोंग तिला घ्यावे लागते, आणि त्या सोंगापायी तिची जी चिडचिड होते ती पाहून हसू आवरत नाही. ज्या काळात हिंदी पडद्यावरील ख्रिस्ती तरुणी म्हणजे क्लबात नाचणारी किंवा खलनायकाच्या खांद्यावर रेललेली, असे समीकरण रूढ होत होते, त्या काळात एक करारी, स्वाभिमानी, पोटासाठी झटणारी मेरी दिसली याचे समाधान आहे. अखेरीस ती मुळात एका हिंदू घरातील हरवलेली मुलगी निघते आणि सारे सुरळीत होते. ज्या ख्रिस्ती आईबापांनी तिला वाढवले, त्यांचे संस्कार पटकथेने कडेला सारले, ही आमची तक्रार पटकथेशी आहे, अभिनेत्रीशी नाही. 'आझाद' आणि 'कोहिनूर'मधील तिचा खेळकरपणा आणि ही मेरी एका ओळीत ठेवली, तर 'ट्रॅजेडी क्वीन' ही पदवी किती आखूड आहे ते ध्यानात येते.

आता 'साहिब बीबी और गुलाम' (1962). बिमल मित्र यांची कादंबरी, अब्रार अल्वी यांचे दिग्दर्शन, गुरुदत्त यांची निर्मिती, व्ही. के. मूर्ती यांचा कॅमेरा. भूतनाथ खाली मान घालून छोट्या बहूच्या दालनात शिरतो. आपल्यालाही प्रथम तिची पावले दिसतात, मग आवाज कानी येतो, आणि चेहरा सर्वांत शेवटी. इतकी तयारी केल्यावर समोर येणारा चेहरा तोकडा पडण्याचा धोका असतो. येथे तो पडत नाही. कारण त्या चेहऱ्यावर सौंदर्याआधी कुतूहल आहे. हवेलीत कोंडलेल्या स्त्रीला बाहेरून आलेल्या माणसाविषयी वाटते ते.

नवऱ्याला घरी थोपवून धरण्यासाठी ही बहू मद्य घेऊ लागते. त्याला अडवण्याचा तो प्रसिद्ध प्रसंग लोक तिच्या चरित्राचा उतारा म्हणून पाहतात: तीही पीत होतीच ना, मग त्यात अभिनय कसला? उत्तर तारखांत आहे. झोप येत नाही म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने थोडी ब्रँडी घेणे सुरू झाले ते 1963 च्या सुमारास, असे तिचे चरित्रकार सांगतात. चित्रपट त्याच्या आदल्या वर्षीचा. तेव्हा छोटी बहू मीनाकुमारीच्या व्यसनातून आलेली नाही. त्या प्रसंगात आर्जव आहे, लाडिकपणा आहे, उपहास आहे, आणि क्षणात उफाळणारा अपमानही आहे. जीभ जड झाली तरी एकाही शब्दाची धार बोथट होत नाही. खऱ्या नशेत हे जमत नसते. त्या वर्षीच्या फिल्मफेअर पुरस्कारासाठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्री म्हणून तीन नामांकने होती आणि तिन्ही तिचीच: 'आरती', 'मैं चुप रहूँगी' आणि हा चित्रपट. पुरस्कार छोट्या बहूला मिळाला.

'काजल'साठी चौथा पुरस्कार आला तरी नंतरच्या वर्षांतील पुष्कळ कामाविषयी उत्साहाने लिहिणे आम्हांस जमत नाही. आजारपण आले, पती कमाल अमरोही यांच्यापासून 1964 साली ती दूर झाली, आणि निर्मात्यांना तिच्याकडून नवी भूमिका नको होती, जुनेच अश्रू हवे होते. ते तिने पुरवले, कधी कधी यंत्रासारखे. लहानपणीची शिस्त अशीही उलटते. 'पाकीज़ा'ची गोष्ट निराळी. पन्नाशीच्या दशकात सुरू झालेला तो चित्रपट मध्ये वर्षानुवर्षे रखडला, 1969 साली पुन्हा हाती घेतला गेला आणि 4 फेब्रुवारी 1972 रोजी पडद्यावर आला. तोपर्यंत संगीतकार गुलाम मोहम्मद आणि छायाचित्रकार जोसेफ विरशिंग दोघेही निवर्तले होते. काही नृत्यांत चेहऱ्यावर अवगुंठन घेऊन पद्मा खन्ना नाचली, कारण मीनाकुमारीला उभे राहवत नव्हते. वर्षांचे अंतर चेहऱ्यावर दिसते. आवाजात दिसत नाही. आगगाडीत मिळालेली ती चिठ्ठी जपणारी साहिबजान पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच स्त्री राहते, याचे श्रेय भव्य महिरपींना नाही. तिच्या निधनानंतर चित्रपटगृहांबाहेर रांगा लागल्या, त्यांत अभिनय पाहण्यास आलेले किती आणि अंत्यदर्शनास आलेले किती, कोण सांगणार?

आमचे स्वतःचे मत विचाराल तर शेवटच्या काळातील तिचे खरे काम 'मेरे अपने' (1971). गुलज़ारांचा हा पहिला चित्रपट, तपन सिन्हांच्या 'आपनजन'वरून केलेला. चाळिशीही न गाठलेली मीनाकुमारी येथे खेड्यातील म्हातारी विधवा आनंदी झाली आहे. रमेश देव यांनी रंगवलेला नातेवाईक तिला मोठ्या मायेने शहरात आणतो. घरात पाऊल टाकल्यावर हळूहळू कळते की नवराबायको दोघे नोकरीला जातात, त्यांच्या मुलाला सांभाळायला बिनपगारी बाई हवी होती. या जागी एखाद्या कमी प्रतीच्या अभिनेत्रीने डोळे भरून घेतले असते. आनंदी तसे करीत नाही. ती आधी नीट समजून घेते, मग मुकाट्याने काम करते, आणि पुढे एके दिवशी ते घर सोडून रस्त्यावरच्या पोरांत राहावयास जाते. आपल्या माणसांनी आपल्याला कशासाठी आणले हे उमगल्यावरचा तिचा तो चेहरा पाहावा. त्यावर राग नाही, नवलही नाही. हा हिशेब तिला फार जुना ठाऊक असावा, असा तो चेहरा आहे.