चोरलेला वेळ : मराठी गद्यातील विद्यार्थी आणि मौद्यातला गेमर

मौद्यात माझ्या शेजारी एक मुलगा राहतो. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. सकाळची बस पकडून नागपूरला कॉलेजात जातो, दुपार उलटल्यावर परततो, रोवणीच्या दिवसांत बापासोबत बांधीत उतरतो. रविवारी टेनिस बॉलचे क्रिकेट खेळतो, गुरुवारी भजन मंडळात खंजिरी वाजवतो, प्रॅक्टिकलच्या वहीच्या मागच्या पानांवर चित्रे काढतो आणि रात्री जेवणानंतर दीड-दोन तास मोबाइलवर ‘बीजीएमआय’ खेळतो. गल्लीत त्याची ओळख मात्र एकच : ‘दिवसभर गेम खेळत रायते तो पोट्टा.’ तीन छंद या ओळखीत शिरत नाहीत; चौथा सगळी जागा अडवून बसतो.

त्या मुलाची वकिली करावी म्हणून हा लेख लिहिलेला नाही. माझा प्रश्न वाचकाचा आहे. एका पानावरून कादंबरीचा निकाल देणाऱ्याला आपण वाईट समीक्षक म्हणतो; मग एका छंदावरून मुलाचा निकाल देणाऱ्याला काय म्हणावे? आणि आपल्या गद्याने असा मुलगा वाचण्याची काही रीत घालून दिली आहे का?

आधी भाषेकडे पाहू. मराठीत ‘छंद’ म्हणजे वृत्त, छंद म्हणजे आवड आणि ‘छंदीफंदी’ म्हणजे वाया गेलेला. ‘नाद’ गळ्यातून निघतो, तसा माणसाला लागतोही. ‘वेड’ देवाचे असते, पैशाचेही असते. भक्ती आणि व्यसन या दोन्हींना आपल्या भाषेने एकाच घरातले शब्द दिले आहेत. त्यामुळे नुसता ‘नाद लागला’ एवढ्याने मराठीत काहीच सिद्ध होत नाही. कशाचा लागला आणि त्यात माणसाचे काय गेले, हे विचारावेच लागते.

हा प्रश्न मराठी गद्याने अगदी आरंभीच विचारला आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी सिद्ध केलेल्या ‘लीळाचरित्रा’च्या ‘एकांक’ भागात हरिपाळदेवांची कथा येते. गुजरातच्या प्रधानाचा हा मुलगा द्यूतात हरतो, देणे भागवण्यासाठी पत्नीचे दागिने मागतो, ती नकार देते. त्याचे मन उडते आणि रामटेकच्या यात्रेच्या निमित्ताने तो घर सोडतो. रामटेक आमच्याच जिल्ह्यातले. वाटेत ऋद्धिपूरला त्याला गोविंदप्रभू भेटतात आणि पुढे तोच चक्रधर म्हणून ओळखला जातो. गोविंदप्रभूंच्या लीळांत ते स्वतः मुलांसारखे खेळतात, हवे ते उचलून खातात, लोक त्यांना वेडे समजतात. म्हणजे आपल्या गद्याच्या उंबरठ्यावरच दोन खेळणारे उभे आहेत : एकाच्या खेळात पण लावलेला, दुसऱ्याच्या खेळात पणच नाही. चरित्रकार द्यूताची गोष्ट लपवत नाही आणि त्या एका गोष्टीवर माणूस मोडीतही काढत नाही.

22 ऑगस्ट 2025 रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या ऑनलाइन गेमिंगच्या केंद्रीय कायद्याने जवळजवळ हीच रेघ ओढली आहे. ई-स्पोर्ट्स आणि करमणुकीचे खेळ एका बाजूला, पैसे लावून खेळायचे खेळ दुसऱ्या बाजूला, दुसऱ्यांवर बंदी. कायद्याला ही रेघ पुरते. साहित्याला ती पुरत नाही, कारण पैसे न लावताही माणूस काहीतरी लावतच असतो. विद्यार्थी वेळ लावतो.

विद्यार्थ्याचा वेळ कोणाच्या मालकीचा, हा प्रश्न आपल्या तीन महत्त्वाच्या पुस्तकांत वेगवेगळ्या तऱ्हेने आला आहे. आनंद यादवांच्या ‘झोंबी’त (1987) मुलाचा वेळ बापाच्या रानाचा आहे. कागलचा तो मुलगा शाळेत जातो, तेव्हा बापाच्या लेखी तो कामातून वेळ चोरतो. आज ज्या अभ्यासाच्या नावाने आपण गेमवर चिडतो, तो अभ्यासच तिथे चोरीचा माल आहे. भालचंद्र नेमाड्यांच्या ‘कोसला’त (1963) पांडुरंग सांगवीकरचा वेळ बापाच्या पैशाने विकत घेतलेला आहे. पुण्यात तो मेस, गॅदरिंग, मित्र यांत तो उधळतो आणि अखेर हात हलवत सांगवीला परततो. त्याच्या उठाठेवींची बेरीज पदवीत होत नाही, पण ती बेरीज म्हणजेच कादंबरी. मिलिंद बोकिलांच्या ‘शाळा’त (2004) आणीबाणीच्या काळातली नववीतली मुले अर्धवट बांधकामाच्या इमारतीत जमतात. घर आणि वर्ग यांच्या नजरेबाहेरची ती एकच जागा. त्यांचे खरे शिक्षण तिथे चालते.

मौद्यातल्या मुलाला अशी इमारत कुठे आहे? गावात सगळे ओळखीचे, चौकात थांबले तरी घरी निरोप पोचतो. त्याची अर्धवट इमारत मोबाइलमध्ये आहे. चौघांच्या चमूत एक गोंदियाचा, एक कोल्हापूरचा; माइकवर ‘अबे मांगून येऊन रायला, पाह्य ना’ ऐकून ऐकून कोल्हापूरचा पोरगाही ‘रायला’ म्हणू लागला आहे. कोणत्या वर्गात, कोणत्या पाठ्यपुस्तकात या दोन बोली अशा शेजारी बसल्या? कान असलेल्या कादंबरीकाराला इथे ऐन्नस सामग्री आहे.

पण इथेच थांबलो तर समीक्षा अर्धी राहील. ‘शाळा’तली इमारत कोणी मुलांसाठी रचून ठेवली नव्हती. गेम मात्र रचलेला आहे, आणि त्यांना तिथे धरून ठेवण्यासाठीच रचलेला आहे. शंभर खेळाडू छत्रीने बेटावर उतरतात, सुरक्षित वर्तुळ आकसत जाते, अर्ध्या तासात सामना निकालात निघतो. आम्ही विटीदांडू खेळताना आईची हाक आली की मुठीवर थुंकल्यासारखे करून ‘टॅम्प्लीज’ म्हणायचो. डाव जागच्या जागी थांबायचा. या खेळात टॅम्प्लीज नाही. आई ताट वाढून हाक मारते, तेव्हा मुलगा उठला तर उरलेले तिघे उघडे पडतात. घराघरांतली निम्मी भांडणे याच एका रचनेतून उगवतात, आणि आई समजते की मुलगा उद्धट झाला. त्यात रोजची कामगिरी, ठरावीक मुदतीत संपणारा हंगाम, आज नाही आलास तर बक्षीस बुडाले ही टोचणी. बापाच्या रानाने जसा ‘झोंबी’तल्या मुलाचा वेळ मागितला, तसा हा नवा मालक मागतो; फरक एवढाच की तो मालक दिसत नाही, आणि पोराला वाटते आपणच चोर.

मग निकाल कसा लावायचा? खेळाच्या नावावरून तर नाहीच. प्रेमचंदांच्या ‘शतरंज के खिलाड़ी’त (1924) अवधचे राज्य बुडत असताना दोन सरदार बुद्धिबळापायी एकमेकांचा जीव घेतात, तिथे बुद्धिबळ हेच व्यसनाचे रूप. जुलै 2025 मध्ये त्याच खेळात नागपूरच्या दिव्या देशमुखने महिला विश्वचषक जिंकला आणि आम्ही पेढे वाटले. पट तोच, सोंगट्या त्याच. बदलले ते खेळणाऱ्याचे बाकीच्या जगण्याशी असलेले नाते.

जागतिक आरोग्य संघटनेची कसोटीही इथेच येऊन टेकते. 2022 पासून अमलात आलेल्या तिच्या रोगवर्गीकरणात गेमिंगच्या विकाराची नोंद आहे. ताबा सुटणे, इतर आवडी आणि रोजचे व्यवहार मागे पडून खेळ पुढे येणे, नुकसान दिसत असूनही तो चालूच राहणे अशी तिची लक्षणे, आणि सर्वसाधारणपणे ती वर्षभर दिसायला हवीत. म्हणजे डॉक्टरही किती तास एवढेच विचारत नाही. बाकीचे छंद जिवंत आहेत का, हे तो विचारतो. गल्ली नेमके तेच विचारत नाही.

जुलै 2022 मध्ये हा गेम भारतात ॲप स्टोअरवरून हटवला गेला आणि मे 2023 मध्ये परतला. मधल्या महिन्यांत शेजारच्या मुलाच्या फोनवर तो पुन्हा भरता येईना, तेव्हा तो भजन मंडळात जाऊन बसू लागला. गेम परत आला. खंजिरी गेली नाही. ही एका मुलाची गोष्ट आहे, तिच्यावरून नियम निघत नाही. ज्या घरात खंजिरी परत आलीच नाही, तिथली गोष्टही तितकीच खरी आहे आणि तीही लिहिली गेली पाहिजे. माझी तक्रार एवढीच की गेमर आपल्याकडे अग्रलेखातला इशारा म्हणून किंवा विनोदी कथेतला बावळट म्हणून येतो. पांडुरंगासारखा स्वतःच्या आवाजात बोलणारा माणूस म्हणून येत नाही. त्याच्या उठाठेवींची बेरीज करून पाहण्याचा धीर ‘कोसला’ने दाखवला, त्याला साठ वर्षे उलटली.

परवा गुरुवारी अंगणात उभा होतो. खिडकीतून त्याचा आवाज आला : ‘आज भजन आहे बे, तिघंच खेळा.’ पलीकडून शिव्या पडल्या असणार. पाच मिनिटांनी तो खंजिरी काखेत मारून बाहेर पडला. ओट्यावरच्या बाईंनी विचारले, ‘काय रे, झाला का गेम?’ तो हसला आणि देवळाकडे निघून गेला.