फ्लामेंको आणि प्रवाशाची दृष्टी : एक आकलन

स्पेनच्या आंदालुसिया प्रदेशात आलेला प्रवासी फ्लामेंकोला प्रथम डोळ्यांनी ओळखतो. झालरींचा घोळदार पोशाख व टाचांचे आघात यांवर त्याची नजर खिळते. वस्तुतः या कलेचा गाभा 'कांते' म्हणजे गायन हा होय. 'सोलेआ' प्रकारातील १२ मात्रांच्या आवर्तनात ३, ६, ८, १० व १२ या मात्रांवर आघात येतात. पहिल्या मात्रेवर सम शोधणारा कान तेथे चकतो.

जाणकाराची दृष्टीही निर्दोष नाही. १९२२ मध्ये ग्रानादा येथे संगीतकार मानुएल दे फाया, कवी लोर्का प्रभृतींनी 'शुद्ध' गायनाच्या रक्षणार्थ स्पर्धा भरविली आणि व्यावसायिक गायकांना तीतून वगळले. परंतु एकोणिसाव्या शतकातील गायनगृहांत उपजीविकेसाठी गाणाऱ्या, विशेषतः हितानो समाजातील कलावंतांचा या कलेच्या जडणघडणीत मोठा वाटा होता. म्हणजेच शुद्धतेचा हा आग्रह ज्यांनी कला घडविली त्यांनाच परके ठरवितो.

२०१० मध्ये युनेस्कोने फ्लामेंकोचा अमूर्त वारशाच्या यादीत समावेश केला. तथापि, प्रयोग पर्यटकांसाठी आहे एवढ्यावरून तो हिणकस ठरत नाही. नर्तकी गायकाचा स्वर ऐकून पाऊल टाकते की नाही, हीच त्याची खरी कसोटी होय.