चिलखताची उपमा कुठे अपुरी पडते?

लस म्हणजे शरीराला चढवलेले चिलखत, ही उपमा लसीकरण शिकवताना हमखास दिली जाते. धनुर्वाताच्या बाबतीत ती बरोबरच आहे. धनुर्वाताचे जीवाणू मातीत असतात, माणसाकडून माणसाकडे जात नाहीत. शेजाऱ्याने लस घेतली म्हणून आपण वाचत नाही. पण हीच उपमा सरसकट सर्व लशींना लावली जाते, यावर आमचा आक्षेप आहे.

न्यूमोकोकस हा जीवाणू घेऊ. लहान मुलांच्या नाका-घशात तो बहुधा निमूटपणे राहतो. रक्तात किंवा मेंदूच्या आवरणात शिरला, तर मात्र जिवावर बेतते. त्याच्याभोवती शर्करेचे आवरण असते. दोन वर्षांखालील बाळांचे शरीर नुसत्या शर्करेविरुद्ध पुरेशी प्रतिपिंडे बनवत नाही. म्हणून बाळांच्या लशीत ती प्रथिनाला जोडतात.

अमेरिकेत अशी लस २००० साली बाळांना देऊ लागले. पाहणी केलेल्या भागांत दोन वर्षांखालील दर लाख मुलांमागे गंभीर संसर्गाचे प्रमाण १९९८-९९ मध्ये वर्षाला १८८ होते. २००१ मध्ये ते ५९ झाले. इथवर चिलखत पुरते. परंतु ६५ वर्षांवरील माणसांतही हे प्रमाण १८ टक्क्यांनी घटले, आणि ही लस त्यांना दिली जात नव्हती! चिलखत नातवाने घातले आणि आजोबा वाचले, हे कसे? लशीमुळे मुलांच्या नाका-घशातलाच जीवाणू कमी झाला. तो मोठ्यांपर्यंत पोचेना.

आणखी एक गोष्ट. या जीवाणूच्या नव्वदहून अधिक प्रकारांपैकी सातच त्या लशीत होते. मोकळ्या झालेल्या जागी '१९ए' हा प्रकार वाढला, म्हणून २०१० मध्ये त्यासह तेरा प्रकारांची लस आली. चिलखताच्या उपमेत हेही बसत नाही.

त्यापेक्षा तणाचे उदाहरण द्यावे. आपल्या शेतातले तण वेळीच काढले, तर शेजारच्या शेतात बी जात नाही. मात्र रिकाम्या जागी दुसरे तण उगवते का, यावर नजर ठेवावी लागते.

हा केवळ शब्दांचा वाद नाही. भारतात न्यूमोकोकसची लस २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आली व २०२१ मध्ये देशभर देण्यास सुरुवात झाली. "माझे मूल धडधाकट आहे, मग टोचायचे कशाला?" असे विचारणाऱ्या पालकाला चिलखताची उपमा अर्धेच उत्तर देते. उरलेले अर्धे शाळेने द्यायला हवे.