तापमान बदललं, पण तेवढंच बदललं का?

पेन्सिल हातात घेऊन एखादा पेपर वाचायचा असेल, तर मी मेली, सेटलो आणि सहकाऱ्यांचा २००२ सालचा पेपर सुचवेन. प्रश्न साधा आहे: बॅसिलस सबटिलिसचे बीजाणू २२ ते ४८ अंश सेल्सिअस अशा वेगवेगळ्या तापमानांना तयार केले, तर त्यांच्यात काय फरक पडतो?

जास्त तापमानाला तयार झालेले बीजाणू ओल्या उष्णतेत जास्त तग धरतात आणि त्यांच्या गाभ्यात पाणी कमी असतं. इथेच थांबून ‘उबेतला बीजाणू कणखर’ असं लिहून मोकळं होता आलं असतं. या मंडळींनी तसं केलं नाही. त्यांनी डायपिकोलिनिक आम्ल मोजलं, ते सारखंच निघालं. कोरडी उष्णता आणि अतिनील किरण देऊन पाहिले, तिथेही फरक जवळजवळ नाही. म्हणजे बीजाणू सरसकट कणखर झालेला नाही. मला पेपरची खरी ताकद या ‘फरक नाही’वाल्या निकालांत दिसते.

आता दुसरी बाजू बघा. पाणी कमी आणि प्रतिकार जास्त, हा सहसंबंध झाला. त्याच बीजाणूंची बाह्य आवरणातली प्रथिनंही बदलली होती (कॉट-ए बरंच घटलं होतं), आणि हायड्रोजन पेरॉक्साइड, फॉर्माल्डिहाइडलाही ते जास्त पुरून उरले. एक बटण फिरवलं की चार गोष्टी हलतात. मग श्रेय एकट्या पाण्याला कसं द्यायचं?

आणखी एक मेख आहे. सेटलोंच्याच गटाने २०११ मध्ये दाखवलं की मातृपेशीतून सुटलेला बीजाणू लगेच पूर्ण उष्णतारोधी नसतो, तो नंतरही पक्व होत राहतो. आणि थंडीत सगळंच सावकाश चालतं! मी पहिल्या वर्षी २५ आणि ३७ अंशांच्या दोन्ही बॅचेस ‘समान वागणूक’ म्हणून बरोबर ४८ तासांनी काढल्या. फरक झकास आला, आलेखही देखणा. गाइडनी एवढंच विचारलं, “हा तापमानाचा फरक की वयाचा?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. तीन महिन्यांचं काम पुन्हा केलं.

म्हणून या विषयावरचा कुठलाही पेपर उघडलात की आलेखाआधी पद्धतीचा भाग वाचा. बीजाणू घड्याळ बघून काढले, की पक्व झालेले बघून? हे लिहिलेलं नसेल, तर निष्कर्षाभोवती पेन्सिलने एक गोल करून ठेवा.